रंग मागाहून येतात

(दृश्य : कॅमेऱ्यातून फिल्म बाहेर येते, अगदी जवळून)

हा पोलरॉइड एसएक्स-७०, लगेच फोटो देणारा कॅमेरा. १९७२ साली बाजारात आलेला. मिटला की कोटाच्या खिशात मावणारा. बटण दाबलं आणि फोटो बाहेर आला, पण त्यावर अजून काहीच नाही.

फोटोची खालची पांढरी पट्टी बाकी तिन्ही कडांपेक्षा रुंद असते, कारण रसायन तिथेच भरलेलं असतं, चपट्या पुड्यांमध्ये. बाहेर पडताना फिल्म दोन रोलरांमधून दाबली जाते, पुड्या फुटतात आणि रसायनाचा पातळ थर फिल्मच्या आत पसरतो. त्यात एक गडद रंगद्रव्य असतं. आत रंग तयार होईपर्यंत ते उजेड अडवतं आणि मग स्वतःच फिकट होत जातं. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांच्या कंपनीने डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली, अशी या चौकोनातच बसवली. फोटो झटकायची काही गरज नाही, फक्त उजेडापासून झाकून ठेवायचा.

(दृश्य : टेप रेकॉर्डर, टीव्हीचा पडदा)

तोवर टेबलाच्या या टोकाला येऊ. झेडएक्स स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, १९८२. रबराच्या कळा, ४८ किलोबाइट मेमरी. ‘जे’ची कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो. म्हणजे कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं. कॅसेट सुरू. आधी लांब, एकसुरी शिट्टी. मग कर्कश खरखर, आणि पडद्याच्या कडेला धावणारे निळे-पिवळे पट्टे.

आता मधे बघा. चित्र सलग उतरत नाही. पडद्याचे तीन भाग, एकेक भाग आठ-आठ ओळींच्या अंतराने रेषा टाकत भरतो. चित्राचे पहिले ६१४४ बाइट येईपर्यंत सगळं काळंपांढरं. शेवटच्या ७६८ बाइटांत रंग येतात, वरून खाली, झरझर.

हा चेहरा ओळखलात? फोटोतलाच आहे. तो ठिपक्या-ठिपक्याने काढलाय. आडवे २५६ ठिपके, उभे १९२. अडचण अशी, की ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग चालतात. गाल, केस आणि मागची भिंत एकाच चौकटीत आली की एक रंग सोडावाच लागतो. कानातलं तीन ठिपके डावीकडे सरकलंय, ते त्यामुळेच. निवड करावी लागते, आणि खरी मजा त्यातच आहे. हजारो रंग हाताशी असते तर त्या कानाकडे इतकं निरखून कोण बघतं?

(दृश्य : फिल्मचं नवं पॅक उघडताना)

ही फिल्म आज मिळते, तीही कुणीतरी हट्ट धरला म्हणून. २००८ साली पोलरॉइडने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यातली यंत्रं ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ नावाच्या गटाने वाचवली. जुनी कित्येक रसायनं मिळेनाशी झाली होती, त्यामुळे फिल्मची कृती नव्याने बसवावी लागली. २०१० मध्ये फिल्म पुन्हा विकायला आली.

ती महाग आहे. पॅकमध्ये आठच फोटो, आणि एसएक्स-७०च्या रिकाम्या पॅकबरोबर त्यातली बॅटरीही टाकून द्यावी लागते.

(दृश्य : ग्राफ पेपरवर पेन्सिल)

अशी यंत्रं कपाटात शोभेला ठेवू नका, वापरा. स्पेक्ट्रम नसला तरी अडत नाही, आजच्या कॉम्प्युटरवर त्याचा इम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट चालतो. एखादा फोटो घ्या, त्यातला एक डोळा निवडा, आठ बाय आठच्या चौकटी आखा आणि आधी ठरवा, कोणते दोन रंग.