ओल कुठे थांबते

(दृश्य : बालाघाटच्या माळाचा उतार, नोव्हेंबर)

बीड जिल्ह्यातला बालाघाटचा हा माळ. माथ्यापासून ओढ्यापर्यंत पाऊस सारखाच पडला. तरी माथ्यावर आता धूळ उडतेय आणि खाली ओढ्याकाठची ज्वारी नुसत्या ओलीवर वाढतेय.

माथ्यावर वीतभर माती, खाली मुरूम. मातीच नाही, तर ओल धरणार कोण? वरून धुपलेली माती पायथ्याशी बसली. तिथला थर कमरेइतका खोल.

(दृश्य : ओघळीचा काठ, जवळून)

ओघळीतून पाणी वाहतं, म्हणून तिथे ओल जास्त असेल असं वाटतं. गाळ बसलेल्या तळात ती असतेही. काठ मात्र सगळ्यात आधी सुकतात. उभ्या कापल्या गेलेल्या मातीला वरून ऊन लागतं, बाजूने वारा लागतो, आणि आतली ओल पाझरून ओघळीत उतरते. काठापासून हातभर आत पडलेल्या या भेगा बघा.

उताराची दिशाही मोजावी लागते. दक्षिण-पश्चिमेचा उतार दुपारच्या उन्हात तापतो, उत्तरेचा ओल जास्त दिवस धरतो. रोपं आधी तिथेच लावावीत.

(दृश्य : कुसळीचा ठोंब)

उघड्या मातीवर थेंब आपटले की बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. गवताचा ठोंब तो मार स्वतः झेलतो. त्याच्या वरच्या अंगाला बोटभर गाळ अडलाय, आणि मुळांच्या वाटेने पाणी खाली गेलंय. झाडाची सावलीही ओल राखते, पण झाड पाणी पितंही. उथळ मुरमावर दाट लागवड केली, तर उन्हाळ्याआधीच तळची ओल संपते. माथ्यावर आधी गवत. झाडं विरळ, पाणी अडवायला उताराला आडव्या खोदलेल्या चराच्या भरावावर.

चर 60 सेंटीमीटर रुंद, 30 खोल, आणि तळ अगदी समपातळीत. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी शोधायची इंग्रजी A च्या आकाराची चौकट, न लावता अंदाजाने खोदला, तर सगळं पाणी सखल टोकाला धावतं, भराव फुटतो आणि तिथून नवी ओघळ सुरू होते.

(दृश्य : वजनकाटा, मातीचे नमुने)

ओल मोजायला 15 आणि 30 सेंटीमीटर खोलीवरची प्रत्येकी 100 ग्रॅम माती घ्या, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवा. 85 ग्रॅम उरली, तर उडालेल्या 15 ग्रॅम पाण्याला कोरड्या मातीच्या 85 ने भागा, 100 ने नाही. ओल आली 17.6 टक्के. हलक्या जमिनीत ही पिकाला पुष्कळ झाली. काळ्या भारी जमिनीत मात्र एवढ्याच आकड्यावर हरभरा माना टाकू शकतो, कारण चिकणमाती ते पाणी मुळांना सोडत नाही. म्हणून पिशवीवर खोलीबरोबर जमिनीचा प्रकार आणि उतारावरची जागाही लिहा.