लहानग्यांना घेऊन बाहेर जेवताना: थांबण्याच्या वेळेचा हिशोब

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एक ते तीन वर्षांच्या मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाणं, एवढाच आजचा विषय आहे. या वयाच्या मुलाबद्दल पालकांची ठरलेली तक्रार असते, 'ते बसतच नाही.' माझं म्हणणं असं की ते बसतं, पण आपण त्याची बसण्याची ताकद चुकीच्या जागी खर्च करतो.

ढोबळ हिशोब मांडू. जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं, ऑर्डर देईपर्यंत दहा, ताट समोर येईपर्यंत वीस-पंचवीस, जेवण अर्धा तास, बिल येऊन पैसे देईपर्यंत आणखी दहा-पंधरा. झाला दीड तास. दोन वर्षांचं मूल टेबलाशी बरं बसून राहतं ते अर्धा तास, फार तर पाऊण तास. त्यातही खाण्यात त्याचा जीव रमतो तो पहिली पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे ताट येईपर्यंतच त्याची पुंजी संपलेली असते आणि मग आपण त्याच्यावर डोळे वटारतो. शिस्त, बक्षीस, धाक यांतलं काहीही इथे चालत नाही, कारण अडचण वागण्याची नसून वेळेची आहे. थांबण्याचे हे चार टप्पे आखडले की निम्मं काम होतं.

पहिला टप्पा जागेचा. हॉटेल उघडल्या उघडल्या जा. स्वयंपाकघरावर ताण नसतो, ऑर्डर लवकर निघते, गोंगाट कमी असतो. मुलाची जेवणाची वेळ साडेसातची असेल तर सातला टेबलाशी असा. भुकेने कळवळायला लागलेलं मूल कशालाच दाद देत नाही. झोपेच्या वेळेला लागून जाणं तर टाळाच. आधी फोन करणार असाल तर 'बेबी चेअर आहे का' एवढंच विचारू नका. किती आहेत आणि त्यांना पट्टे आहेत का, हेही विचारा. एकच खुर्ची असते आणि ती दुसऱ्या टेबलाला गेलेली असते, हे नेहमीचं.

दुसरा टप्पा ऑर्डरचा. मेन्यू घरीच पाहून ठेवा आणि वेटर पहिल्यांदा पाणी घेऊन येईल तेव्हाच सगळं सांगून टाका.

तिसरा टप्पा सगळ्यात लांब, म्हणून त्यावर जरा थांबतो. स्वयंपाकघरात एका टेबलाची ऑर्डर बहुधा एकत्र काढतात. ज्या पदार्थाला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी बाकीचे थांबतात. ओव्हनमधला किंवा निखाऱ्यावरचा एक पदार्थ मागवला की अख्खं टेबल अडकतं. सरळ विचारा, 'यातलं सर्वांत लवकर काय होईल?' वेटरला ते नेमकं ठाऊक असतं.

इथे एक सल्ला सर्रास दिला जातो, मुलाचं ताट आधी मागवा. मला तो पटत नाही. मुलाचं खाऊन होतं तेव्हा तुमचं ताट येतं आणि पोट भरलेलं, कंटाळलेलं मूल मांडीवर घेऊन तुम्ही जेवता. मुलाचं मोठ्यांच्या बरोबरच येऊ द्या. त्याआधी हातात काही द्यायचंच असेल तर हळूहळू संपणारं द्या, मऊ शिजवलेल्या भाजीचे तुकडे किंवा केळ्याचे काप. ब्रेड आणि रस यांवर भूक मारू नका. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात १२० मिलिलिटरपेक्षा जास्त फळांचा रस देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि हॉटेलातला एक ग्लास सहज त्याच्या दुप्पट असतो.

मग ती वीस मिनिटं मुलाने करायचं काय? चालायचं. ऑर्डर दिली की दोघांपैकी एकाने त्याला घेऊन बाहेर जायचं आणि ताटं आली की दुसऱ्याने फोन करून बोलावायचं. खुर्चीत बसवायचं ते तेव्हाच. फिरणं मात्र दाराबाहेर, टेबलांमधून नाही. दोन्ही हातांत गरम ताटं घेऊन चालणाऱ्या माणसाला गुडघ्याएवढं मूल दिसतच नाही. तोंडात चमचा किंवा स्ट्रॉ धरून तर एक पाऊलही टाकू देऊ नका. पडलं तर ती टाळूत किंवा घशात घुसते.

जागा कोपऱ्यातली, भिंतीकडेची घ्या, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. मुलाच्या डोक्यावरून वाढलं जाणार नाही अशा बाजूला त्याला बसवा आणि वेटरला तसं सांगा. बसवण्यापूर्वी खुर्ची हलवून पाहा. पट्टा कमरेचाच नको, दोन पायांमधूनही हवा, नाहीतर मूल खालून घसरतं. आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: टेबलाच्या कडेला मुलाचे पाय टेकत असतील तर ते रेटा देतं आणि खुर्ची मागे कलंडते. खुर्ची एवढी पुढे घ्या की पाय टेबलाखाली जातील.

मग मुलाचा हात पोहोचेल तेवढं, साधारण हातभर, टेबल रिकामं करा. सुरी, काटा, काच, मिठाची बाटली, टूथपिक, मेणबत्ती. टेबलक्लॉथची लोंबणारी कड आत दुमडा, कारण ती ओढली की वरचं सगळं अंगावर येतं. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी पातळ, त्याला त्याहून कमी वेळ पुरतो, आणि नुकताच ओतलेला चहा याहून बराच गरम असतो. मूल मांडीवर असताना चहा-कॉफी किंवा सूप पिऊच नये. भाजलंच तर कपडे बाजूला करून, कातडीला चिकटलेले असतील तर न ओढता, वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, तेल, टूथपेस्ट नको. मग डॉक्टरांकडे.

जेवण निववायची साधी रीत: खोलगट वाटीतून काढून थंड, सपाट ताटलीत पातळ पसरायचं. दोन-चार मिनिटांत खाण्याजोगं होतं. सारण भरलेल्या पदार्थांपासून सावध राहा. वरचं आवरण कोमट लागतं आणि आतलं चीज किंवा बटाटा चटका देतो. फोडा, वाफ जाऊ द्या, स्वतःच्या ओठाला लावून पाहा.

'तिखट कमी करा' म्हणून बऱ्याचदा काही होत नाही. रस्सा किंवा सॉस आधीच करून ठेवलेला असतो, त्यातून तिखट काढणार कसं? त्यामुळे ऐनवेळी बनणारा पदार्थ निवडा, साधा भात, पास्ता, पूर्ण शिजलेलं अंडं. सॉस वेगळ्या वाटीत मागवा. ॲलर्जी असेल तर 'यात शेंगदाणे आहेत का' हा प्रश्न अपुरा आहे. त्याच तेलात, त्याच तव्यावर दुसरं काय करता, हे विचारा, आणि उत्तर मोघम आलं तर तो पदार्थ सोडा. ताटात ओळखीचा एक तरी पदार्थ असू द्या. अनोळखी चव मुलं बऱ्याच खेपांनंतर स्वीकारतात. त्यासाठी घर आहे.

आता गुदमरण्याविषयी. यासाठी तरी कान देऊन ऐका. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, दुसऱ्या २३ ते ३३ महिन्यांत. तोवर मूल तोडतं, पण दळत नाही. अख्खं द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. द्राक्ष आणि चेरी टोमॅटो उभे चिरून चार फोडी करा. सॉसेजच्या गोल चकत्या नकोत, ते आधी उभं चिरा, मग बारीक तुकडे करा. अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, कडक गोळ्या या वयात नाहीच. हॉटेलातल्या सुरीने हे नीट होत नाही. स्वच्छ छोटी कात्री पिशवीत ठेवा, ताटातल्या ताटात कापता येतं.

ठसका लागला आणि मूल आवाज करून खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीवर मारू नका, तोंडात बोट घालून चाचपू नका. धोका असतो तो शांततेत. तोंड उघडं, पण आवाज नाही, खोकला नाही, ओठ निळसर. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे ५ दाब. आलटून पालटून चालू ठेवा, दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. पोटावर दाब दिले असतील तर घास निघाला तरी मुलाला डॉक्टरांना दाखवा. एका वर्षाखालच्या बाळाची रीत वेगळी आहे, तिथे पोटावर दाब देत नाहीत. हे सगळं पुतळ्यावर हाताने शिकून घ्या, नुसतं ऐकून ऐनवेळी जमत नाही.

पिशवीत कात्रीशिवाय काय? लाळेरं, मुलाचा चमचा, झाकणाचा पेला, ओले वाइप्स, कपड्यांचा एक जोड, कचऱ्याला पिशवी. खेळायला स्टिकर, मेणखडू आणि कागदी चिकटपट्टी. पट्टीचे तुकडे टेबलावर चिकटवून द्या, नखाने सोडवण्यात दहा मिनिटं निघतात, फक्त सुटलेले तुकडे तोंडात जात नाहीत ना हे पाहा. बटण सेलवर वाजणारं, चमकणारं खेळणं अजिबात नको. तो सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं.

फोनबद्दल विचारणा होणारच. मोठ्यांचं उरलेलं जेवण संपवायला शेवटची दहा मिनिटं दिला तर मी नावं ठेवणार नाही. घास तोंडात असताना मात्र नको. पडद्यात गुंतलेलं मूल चावायचं विसरतं.

भोकाड पसरलंच तर तिथे समजावत बसू नका. उचला, बाहेर न्या, गप्प उभे राहा, शांत झालं की परत या. दुसऱ्यांदा झालं तर उरलेलं बांधून घ्या. त्यासाठीच चौथा टप्पा, बिलाचा, आधीच उरकायचा. ताटं टेबलावर आली की त्याच वेळी बिल आणि पार्सलचे डबे मागा. पैसे देऊन झालेले असले की जेवण अर्ध्यावर टाकूनही एका मिनिटात निघता येतं. खाली सांडलेले मोठे तुकडे तेवढे उचलून ठेवा, शिताला पाय घसरून वेटर पडू शकतो. डब्यातलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि मुलाच्या ताटातलं उष्टं त्या डब्यात भरू नका, लाळ लागलेलं लवकर खराब होतं.