थिबा राजाचा राजवाडा: 30 वर्षं की 6?

नमस्कार मंडळी! "थिबा राजावर व्हिडिओ करा" म्हणून कमेंट्सचा नुसता पाऊस पाडलात, म्हणून करतोय. मूळ गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती पटकन उरकतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाराणीला आधी मद्रासला नेलं आणि 1886 मध्ये आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. राजा पळणार कुठे?

आता ज्यावरून माझं डोकं उठतं ते. "याच वाड्यात राजा 30 वर्षं कैदेत होता." अरे बाबांनो, नाही! वाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि राजा वारला 1916 च्या डिसेंबरात. करा वजाबाकी. सहा वर्षं. त्याआधीची जवळजवळ 24 वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली.

तरी एक साहेब कमेंटमध्ये लिहितात, "दादा, गाइडने सांगितलं." गाइडने सांगितलं तर सांगू दे! आमच्या पाहुण्यांना एकाने वरच्या मजल्यावरची अर्धवर्तुळाकार खिडकी दाखवली, लाकडी, कोरीव, सुरेख. म्हणे, राजा तरुणपणी इथे उभा राहून समुद्राकडे बघत बसायचा. तरुणपणी? वाड्यात राहायला आला तेव्हा पन्नाशी उलटली होती त्याची.

आणि थोरल्या राजकन्येची प्रेमकथा. ती तर हमखास याच जिन्यावर घडवतात! राजकन्या आणि पहारेकरी गोपाळ, ही गोष्ट खरी आहे. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं, तेही खरं. पण त्यांची मुलगी टूटू जन्मली 1906 मध्ये. तेव्हा हा जिना होता कुठे? झालं ते जुन्या बंगल्यात.

(भूत आहे का, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणार नाही. दर व्हिडिओखाली तेच! माणसाच्या आयुष्यात एवढं घडलंय, त्यात भूत कशाला हवं?)

राजाच्या मागे सावकारांचा तगादा होता, दागिने विकायची पाळी आली, हे कोणी विचारत नाही. मरणानंतरही सुटका नाही. राणी सुपयालाटला नवऱ्याचा देह मायदेशी न्यायचा होता, म्हणून पेटी पुरू देईना. इंग्रज काही ऐकेनात. शेवटी 1919 मध्ये इथेच कबर झाली, शेजारी त्याची धाकटी राणी. मग सुपयालाट मुलींना घेऊन परत गेली. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीलाच आली, आणि 1947 मध्ये इथेच गेली. टूटू इथेच वाढली, मराठीच बोलली, गरिबीत संसार केला आणि 2000 साली वारली. राजाची नात!

तिकडे दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर रंगूनला, इकडे मंडालेचा राजा रत्नागिरीला. इंग्रजांचा हिशेब बघा.

2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या कबरीवर येऊन गेले. आपण मात्र वाड्यासमोर रील काढून थिबा पॉइंटला भेळ खायला पळतो. कबर शिवाजीनगरात आहे. रिक्षावाल्याला "थिबाची कबर" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो हमखास वाड्यावरच नेऊन सोडेल.