ओपीडीतलं जनुकशास्त्र: ऑनलाइन प्रशिक्षणात आपण काय मागायचं

(चिपळूण येथे डॉक्टर, परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि आशा कार्यकर्त्या यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, जिनॉमिक्सचं, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकांच्या अभ्यासाचं, ऑनलाइन प्रशिक्षण म्हटलं की ते एमडी, डीएम झालेल्यांसाठी असणार, असं आपण धरून चालतो. आज मागच्या रांगांत सिस्टर आणि आशाताई बसल्या आहेत, याचा म्हणूनच मला फार आनंद झाला. या विषयातलं निम्मं काम त्यांच्या हातून व्हायचं आहे.

मानवी जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचायचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि राहिलेले अवघड तुकडे २०२२ मध्ये वाचून झाले. डीएनएची सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरं, आणि त्यात प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं. आज सावंतवाडीतून जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त पाठवलं की काही आठवड्यांत रिपोर्ट ईमेलवर येतो. तपासणी आपल्या दारापर्यंत आली. तो रिपोर्ट वाचून आईबापांना समजावून सांगणारा माणूस मात्र अजून मुंबई-पुण्यातच आहे. वैद्यकीय जनुकशास्त्रात तज्ज्ञ झालेले डॉक्टर देशातच थोडे आहेत, आणि ते प्रत्येक तालुक्याला मिळतील असं नजीकच्या काळात होणार नाही. म्हणून जे आज तालुक्यात आहेत, त्यांनीच शिकायला हवं.

इतरांनी हे कसं केलं? ब्रिटनमध्ये एक लाख जीनोम वाचण्याचा प्रकल्प २०१२ मध्ये जाहीर झाला. तो चालू असतानाच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने डॉक्टर, नर्स, सुईणी यांच्यासाठी जिनॉमिक्सचा शिक्षण कार्यक्रम उभा केला आणि ऑनलाइन कोर्स काढले. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. रुग्ण समोर बसलेला असताना वाचायची छोटी टिपणं एकीकडे, आणि संध्याकाळी सावकाश वाचायचा खोल मजकूर दुसरीकडे, अशी त्यांनी वेगळी मांडणी केली. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ हा उपक्रम सुरू केला. त्यात निदान केंद्रं आहेत आणि डॉक्टरांचं प्रशिक्षणही आहे. तेव्हा सुरुवात झालेली आहे.

माझी तक्रार आहे ती धड्यांच्या क्रमाबद्दल. बहुतेक कोर्स डीएनएच्या गोलाकार जिन्यापासून सुरू होतात, मग सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनए वाचायची, मशीनं येतात, आणि माणूस येईपर्यंत शिकणारा कंटाळून गेलेला असतो. आपल्याला पहिला धडा तीन पिढ्यांच्या वंशावळीचा हवा. चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, आजारी असेल ते भरून काढायचं. कागद-पेन्सिल पुरते. आणि या बाबतीत कोकण श्रीमंत आहे. आपल्याकडे भावकी माहीत असते, आजोळ माहीत असतं. गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा मोठ्या आत्याला विचारलं तर चार घरांतली कोणती मुलं लहानपणी दगावली हे ती सांगू शकते.

आता हे उपयोगी कसं पडतं ते बघा. व्हायव्हॅक्स मलेरिया झालेल्या मुलाला आपण चौदा दिवस प्रायमाक्विन देतो. तांबड्या पेशींना जपणारं जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असेल, तर याच गोळीने तांबड्या पेशी फुटतात, लघवी चहासारखी होते. या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून दोष आईकडून मुलग्यात उतरतो. मुलींनाही कधी त्रास होतो, पण जास्त सापडतात मुलगे. तपासणी हाताशी असेल तर ती करायचीच. नसेल तर निदान मामाबद्दल आणि मावसभावाबद्दल विचारायचं: कधी औषधाने लघवी काळी झाली होती का, जन्मल्यावर कावीळ वाढून रक्त बदलावं लागलं होतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर गोळी द्यायच्या आधी थांबायचं आणि तपासणीला पाठवायचं.

दुसरं उदाहरण बहिरेपणाचं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे छोटे भाग, यांच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलामुळे काही माणसांना जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी कायमचा बहिरेपणा येतो. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच मिळतात. म्हणून मावशीच्या मुलांना धोका असतो, मामाच्या मुलांना तो मामाकडून येत नाही. ‘आईकडे कुणी इंजेक्शनांनंतर बहिरं झालं होतं का?’ हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो सिस्टरच विचारू शकतात.

पण सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, वाहकांबद्दल. वाहक म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असलेला, पण स्वतः आजारी नसलेला माणूस. गरोदर बाई येते, हिमोग्लोबिन ९.५, आपण लोहाच्या गोळ्या लिहितो. पुढच्या खेपेला परत ९.५, परत गोळ्या. इथे लॅबमधल्या मंडळींनी थांबायला शिकलं पाहिजे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नीट बघा. पेशी लहान आहेत, पण त्यांची संख्या चांगली भरपूर आहे का? एमसीव्हीला, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराला, तांबड्या पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षातल्या आकड्याने, भागून १३ पेक्षा कमी आलं, तर थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यायची आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची. त्यात एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला, तर ती बहुधा वाहक आहे. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येऊ शकतो, तेही लक्षात ठेवायचं.

ती वाहक निघाली की त्याच दिवशी नवऱ्याची तपासणी काढायची. दोघंही वाहक असतील, तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून होऊ शकते, तीही नोंदणी असलेल्या केंद्रातच. आणि आपल्याकडे नवरा असतो विरारला किंवा डोंबिवलीत. तो गावी येईपर्यंत दिवस निघून जातात. म्हणून प्रशिक्षणात हेही शिकवायला हवं की नवऱ्याला फोन करून तिथेच एचपीएलसी करायला सांगावं आणि रिपोर्ट इथे मागवून घ्यावा. परदेशी कोर्समध्ये हा धडा सापडणार नाही. तो आपणच लिहायचा आहे.

रिपोर्टांबद्दल थोडं. २०१५ च्या अमेरिकन निकषांनुसार जनुकातला बदल पाच गटांत मांडतात: एका टोकाला आजार करणारा, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि मध्ये अर्थ अनिश्चित असलेला, ज्याला रिपोर्टात व्हीयूएस म्हणतात. व्हीयूएसवरून कुणाचं ऑपरेशन ठरवायचं नाही, लग्न मोडायचं नाही. आपल्या लोकांच्या रिपोर्टात असे बदल जास्त दिसतात, कारण जगातली तुलनेची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. १०,००० भारतीयांचे जीनोम वाचणारा जीनोमइंडिया प्रकल्प त्यासाठीच मोलाचा. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हृदयाच्या एका जनुकातला २५ अक्षरांचा गळालेला तुकडा दाखवून दिला. तो दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत असतो आणि हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी जोडलेला आहे. इतरत्र तो जवळजवळ दिसतच नाही. पुढे २०१७ च्या अभ्यासात असंही दिसलं, की आपल्या उपखंडातले अनेक समाज मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि आपापसातच लग्नं करत राहिले. त्यामुळे एखाद्या समाजात एखादा दुर्मिळ आजार नेहमीचा होऊन बसतो. हे विचारताना समाजाला दोष देण्याचा सूर चुकूनही लागता कामा नये. ‘नात्यातलं लग्न आहे का’ हा प्रश्न ‘मधुमेह आहे का’ इतक्या साधेपणाने विचारायचा.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल. संजीव अरोरा या डॉक्टरांनी २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी ‘एको’ सुरू केलं. गावातला डॉक्टर व्हिडिओवर आपला रुग्ण मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे त्यावर बोलतात. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा गावातल्या उपचारांचं यश विद्यापीठातल्या रुग्णालयाच्या बरोबरीचं होतं. नुसते व्हिडिओ ऐकून प्रमाणपत्र छापण्यापेक्षा मी याच पद्धतीचा आग्रह धरेन. धडे मात्र लहान असावेत आणि डाउनलोड होणारे असावेत. जुलैमध्ये वीज गेली, टॉवर बंद पडला, की थेट प्रक्षेपणाचा काही उपयोग नसतो. आणि ते मराठीत असावेत, कारण आशाताईंना घरात जाऊन मराठीतच बोलायचं असतं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. रुग्णाचा रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, नाव झाकून सुद्धा. चिपळूण-गुहागरच्या पट्ट्यात वय, गाव आणि आजार एवढ्यावरून घर ओळखू येतं. मुलगी वाहक आहे एवढं कळल्यावर स्थळं मागे फिरतात. खरं तर वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि नवरा वाहक नसेल तर मुलांना थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हा आजार गंभीर रूपात, व्हायची भीती जवळजवळ नसते.

पुढच्या महिन्यापासून आपण दर पंधरवड्याला एक तास ऑनलाइन भेटू. प्रत्येकाने एकच केस आणायची: तीन पिढ्यांची वंशावळ, सीबीसीचे आकडे, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न. नाव, गाव काही नको. पहिल्या बैठकीत केस सिस्टरांपैकी कुणीतरी मांडावी, अशी माझी विनंती आहे. डॉक्टरांनी त्या दिवशी ऐकायचं.