कांडी, सम चरण आणि न्यू इंग्लंडची कविता

महाविद्यालयीन इंग्रजी शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

शिक्षक मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘वसाहतकालीन अमेरिकी कविता आणि विद्यार्थ्यांचा इंग्रजी शब्दसंग्रह’ असा छापला आहे, आणि शेवटी मी शिकवण्याची एक पद्धत सांगेन, असेही त्यात म्हटले आहे. त्या पद्धतीकडे मी येणारच आहे. १६२० साली प्लिमथला आलेले मेफ्लॉवर जहाज, १६३० साली मॅसॅच्युसेट्सला पोहोचलेले आर्बेला जहाज, प्यूरिटनांचे, म्हणजे चर्चची शुद्धी मागणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांचे, इंग्लंडच्या चर्चशी फाटलेले संबंध, हे आपण सगळेच वर्षानुवर्षे शिकवतो, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मनापासून सांगायचे आहे ते एवढेच, की आपल्या मुलांचे इंग्रजी बहुतेक वेळा ओळखीच्या शब्दांपाशी अडते, कारण त्या शब्दांचा एकच अर्थ त्यांनी पाठ केलेला असतो. हे शब्द नव्याने ओळखायला लावण्याचे काम सतराव्या शतकातली न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इंग्रज वसाहतींची, कविता जितके चांगले करते, तितके दुसऱ्या कोणत्याही पाठ्यवेच्याने केल्याचे मी माझ्या वर्गात पाहिलेले नाही.

स्पर्धा परीक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या शब्दयाद्या तुमच्याही वर्गात बाकाबाकावर दिसत असतील. माझा एक विद्यार्थी अशा यादीतले शेकडो शब्द धडाधड म्हणून दाखवत असे. ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी आठवले असते. त्याच मुलापुढे मी तिथली कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट हिची ‘नॉट सेव्ह होमस्पन क्लॉथ’ ही शब्दरचना ठेवली, तेव्हा त्याने लिहिले, ‘घरचे कापड वाचवू नका.’ ‘सेव्ह’चा ‘खेरीज’ असा अर्थ असू शकतो, आणि ‘नॉट’ ऐकायला नकारासारखा असला तरी इथे त्याचा अर्थ ‘काहीही नाही’ असा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तो मुलगा कष्टाळू होता. त्याचे कष्ट वाया गेले याचे दुःख मला आजही आहे, आणि त्याची जबाबदारी मी आपल्या शिकवण्यावर टाकतो.

ही ओळ ज्या कवितेतली आहे, तिची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. आठ मुलांचा संसार सांभाळत ॲन ब्रॅडस्ट्रीट कविता लिहीत होती. तिच्या बहिणीचा नवरा जॉन वुडब्रिज ती हस्तलिखिते लंडनला घेऊन गेला आणि १६५० साली तिच्या नकळत ‘द टेन्थ म्यूझ’ हे पुस्तक छापून निघाले. नंतर तिने आपल्या पुस्तकालाच उद्देशून एक कविता लिहिली. तीत ते पुस्तक म्हणजे तिचे कुरूप लेकरू आहे. त्याला न्हाऊमाखू घालून, चांगले कपडे चढवून जगात पाठवायचे होते, पण लोकांनी ते फाटक्या चिंध्यांतच छापखान्यात नेले. आई लेकराला म्हणते, तुझे पाय सारखे व्हावेत म्हणून मी तुझे सांधे ताणून पाहिले, तरी तू शोभेल त्याहून जास्तच लंगडतोस. इंग्रजीत ‘ईव्हन फीट’ असे शब्द आहेत, आणि ‘फूट’ म्हणजे पाऊलही आणि वृत्तातला गणही, हा श्लेष समजावताना परदेशी पुस्तकांना तळटीप द्यावी लागते. आपल्याला ती लागत नाही. मराठीत ‘चरण’ पायाचाही असतो आणि ओवीचाही, आणि ‘सम चरण दृष्टि विटेवरी साजिरी’ हा तुकोबांचा अभंग ज्या मुलाने घरी ऐकला आहे, त्याला ‘ईव्हन’ म्हणजे ‘सम’ हे निराळे शिकवायची गरज पडत नाही. त्याच ओळीतला ‘मीट’ म्हणजे भेटणे नव्हे, तर योग्य किंवा शोभणारे. बायबलच्या १६११ च्या भाषांतरात आदामासाठी ‘हेल्प मीट’ निर्माण करण्याचे वचन आहे, म्हणजे त्याला साजेशी साथ. पुढे लोकांनी हे दोन शब्द एकत्र वाचले आणि ‘हेल्पमीट’ असा नवाच शब्द तयार झाला.

कवितेच्या शेवटाकडे ती पुस्तकाला सांगते, ‘व्हल्गर्स’मध्ये हिंड, पण टीकाकारांच्या हाती लागू नकोस. आजचे विद्यार्थी ‘व्हल्गर’ म्हणजे अश्लील एवढेच जाणतात, म्हणून आई लेकराला अश्लील माणसांत का पाठवते, असा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो पडायलाच हवा. मग मी फळ्यावर तीन छेद चार असा अपूर्णांक लिहितो. इंग्रजीत याला ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणतात, आणि आपल्या जुन्या गणिताच्या पुस्तकांनी त्याला ‘व्यवहारी अपूर्णांक’ हे नाव दिले. ज्याने हा प्रतिशब्द घडवला, त्याला ‘व्हल्गर’चा मूळ अर्थ, म्हणजे चारचौघांचा, रोजच्या व्यवहारातला, नेमका ठाऊक होता. ब्रॅडस्ट्रीटच्याच प्रस्तावनेच्या कवितेतल्या ‘आय ॲम ऑब्नॉक्शस टू ईच कार्पिंग टंग’ या ओळीचेही असेच. एका मार्गदर्शकात मी तिचा अर्थ ‘प्रत्येक जिभेला माझी किळस येते’ असा छापलेला पाहिला आहे. माझ्या हाती शिवणाची सुईच शोभते, असे म्हणणाऱ्या प्रत्येक खुसपटखोर जिभेचा मारा माझ्यावर होऊ शकतो, असे ती बाई म्हणते आहे. लॅटिनमध्ये ‘नॉक्सा’ म्हणजे इजा, आणि जो इजेच्या तोंडी उभा आहे तो ऑब्नॉक्शस. एका शब्दाच्या चुकीने एका धीट बाईची तक्रार तिच्या स्वतःविषयीच्या घृणेत बदलून गेली.

आता मी ज्या प्रसंगामुळे या विषयात गुंतलो, तो सांगतो. थोडा लांबेल, पण तो सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पोहोचणार नाही.

एडवर्ड टेलर हा पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड गावचा धर्मोपदेशक आणि वैद्य. तो १६६८ साली इंग्लंडहून आला, हार्वर्डला शिकला, १७२९ साली वारला, आणि त्याच्या कविता येल विद्यापीठात हस्तलिखितातच पडून राहिल्या. टॉमस जॉन्सन या अभ्यासकाने १९३७ साली त्या उजेडात आणेपर्यंत टेलर कवी होता हे जगाला माहीतच नव्हते. ‘हजिफरी’ म्हणजे घरकाम या नावाची त्याची एक कविता आहे. तीत तो देवाला म्हणतो, मला तुझा चरखा कर, तुझे वचन ही कातायचे तंतू धरणारी काठी होऊ दे, माझा आत्मा सूत गुंडाळण्याची रीळ होऊ दे. मग मला तुझा माग कर आणि त्यावर तूच वस्त्र विण. नरहरी सोनारांनी ‘देवा तुझा मी सोनार’ म्हणत अख्खी सोनारकी देवापुढे ठेवली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कवितेची जात लगेच कळते.

ही कविता मी इचलकरंजीत शिकवत होतो. दुसऱ्या कडव्यात ‘मेक दाय होली स्पिरिट, लॉर्ड, वाइंड क्विल्स’ असे शब्द आहेत. ‘क्विल’ म्हणजे पीस किंवा पिसाची लेखणी हे मला पक्के माहीत होते. पवित्र आत्मा लेखणी फिरवतो, शास्त्र लिहितो, असा सुरेख अर्थ मी अनेक वर्षे लावत आलो होतो आणि त्या दिवशीही लावला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नसे, ती उठली आणि म्हणाली, “सर, ती लेखणी न्हवं, कांडी असंल. माझी आई कांड्या भरते.” वर्ग शांत झाला. मी तिला फळ्याशी बोलावले. तिने धोटा काढला, धोट्याच्या पोटात बसणारी कांडी काढली, आणि मागावर आडवे सूत ज्या कांडीवरून सुटते, ती आधी भरून ठेवावी लागते, नाहीतर माग बंद पडतो, हे तिच्या घरच्या शब्दांत आम्हा सगळ्यांना समजावले. ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे, आणि लेखणी कोणी गुंडाळत नाही, ही साधी गोष्ट मला इतकी वर्षे का खटकली नाही, याचा विचार मी त्या रात्री उशिरापर्यंत करत होतो. मोठ्या इंग्रजी कोशात शोधले, तेव्हा ‘क्विल’च्या अर्थांत विणकरांची सूत भरलेली नळी दिलेली होती.

ती मुलगी बसल्यावर वर्गातून धडाधड शब्द येऊ लागले, कारण त्या वर्गात निम्मी मुले मागाच्या खडखडाटात वाढलेली होती. पुढच्याच ओळीतला ‘वेब’ म्हणजे विणलेले कापड, हे ‘वीव्ह’शी त्याचे नाते दाखवल्यावर त्यांनी स्वतःच ओळखले. एकाने विचारले, मग मोबाइलवरचे वेब तेच का? तेच, जाळे आणि कापड दोन्ही विणलेलेच. मी त्यांना सांगितले, की कोशकार नोआ वेब्स्टर याच न्यू इंग्लंडचा आणि त्याच्या आडनावाचा अर्थ विणकर, तेव्हा एक कोष्टी मुलगा खुशीने हसला. ‘फुलिंग मिल’ म्हणजे लोकरीचे कापड पाण्यात कुटून दाट करण्याची गिरणी, आणि मेफ्लॉवरवरून आलेल्या सॅम्युएल फुलरच्या आडनावात तोच व्यवसाय दडला आहे. कडव्याच्या शेवटी वस्त्र फुलांनी ‘पिंक्ट’ केले आहे, म्हणजे गुलाबी केलेले नव्हे. कापडाला कातरून किंवा नक्षीदार छिद्रे पाडून सजवण्याला ‘पिंक’ करणे म्हणत, आणि शिंप्याच्या दातेरी कात्रीला इंग्रजीत आजही ‘पिंकिंग शीअर्स’ म्हणतात. हे एका मुलीने घरी जाऊन वडिलांच्या शिलाईच्या दुकानातून खात्री करून आणले.

तास संपल्यावर ती पहिली मुलगी माझ्यापाशी आली आणि तिने विचारले, “मग सर, या कवितेत माझ्या आईचं काम पवित्र आत्मा करतोय?” मी हो म्हणालो. टेलरची देवभक्ती इतक्या नेमकेपणाने मला त्याआधी कोणत्याही समीक्षेने सांगितली नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. पद्धतीसाठी मी अर्धा तास राखला होता, तेव्हा आता थोडक्यात बोलतो.

प्यूरिटनांना साधे शब्द मुद्दाम हवे होते. इंग्रजी उत्तर अमेरिकेत छापलेले पहिले पुस्तक, १६४० चे ‘बे साम बुक’ हे स्तोत्रांचे पुस्तक, त्याच्या प्रस्तावनेत म्हणते की देवाच्या वेदीला आपल्या झिलईची गरज नाही. मायकेल विगल्सवर्थ या प्यूरिटन कवीच्या, अंतिम न्यायाच्या दिवसावरच्या १६६२ सालच्या ‘द डे ऑफ डूम’मध्ये २२४ कडवी आहेत, आणि मुलांना ती पाठ असत, कारण चाल पोवाड्यासारखी ठसठशीत आणि शब्द रोजचे आहेत. बालपणी वारलेल्या शापित मुलांना देव नरकातली ‘ईझिएस्ट रूम’ देतो, हे कडवे मला आजही सहन होत नाही, पण ‘ईझी’ म्हणजे सोपे एवढेच जाणणाऱ्या मुलाला ‘ईज’ म्हणजे आराम, यातनेपासून सुटका, हे त्या कडव्याइतके कोणीच शिकवू शकणार नाही.

म्हणून एका सत्रात एकच कविता घ्यावी, वीस-पंचवीस ओळींची, आणि आठवडाभर ती नुसती मोठ्याने वाचावी. मग विद्यार्थ्याने अवघड शब्दांना हात न लावता, जे शब्द त्याला येतात असे वाटते पण वाक्यात नीट बसत नाहीत, तेवढेच खुणावेत. उदाहरणार्थ, ब्रॅडस्ट्रीटचे घर १० जुलै १६६६ रोजी जळाले, त्या कवितेतल्या पेट्या, टेबल, मेणबत्ती या वस्तूंना त्याने घरच्या वस्तूंशी जुळवून पाहावे, आणि मराठी शब्द कोशाऐवजी आजीला, शिंप्याला, कांडीवालीला विचारून आणावा. शेवटी त्या जुन्या अर्थाचा आजही वापर कुठे उरला आहे, ते शोधून स्वतःचे एक वाक्य लिहावे. माझ्या अनुभवात, असे पन्नास शब्द ज्याने मिळवले, त्याला नंतर कोश कसा वाचायचा हे सांगावे लागत नाही.

ही कल्पना माझी नाही. ऱ्होड आयलंड वसाहतीचा संस्थापक रॉजर विल्यम्स याने १६४३ साली लंडनमध्ये तिथल्या मूळ रहिवासी नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेचे शब्दपुस्तक छापले. त्यातले शब्द अभिवादन, जेवण, झोप, घर, कुटुंब अशा जगण्याच्या क्रमाने येतात आणि ३२ प्रकरणांपैकी प्रत्येकाच्या शेवटी एक छोटी कविता आहे. त्यातल्या एका कवितेत तो स्वतःच्या इंग्रज बांधवांना म्हणतो, जन्माचा आणि रक्ताचा गर्व करू नका, तुमचा इंडियन भाऊ जन्माने तितकाच चांगला आहे. शब्द शिकवणारे आणि त्याच पानावर शिकणाऱ्याला माणसाकडे पाहायला लावणारे इतके जुने पुस्तक उपलब्ध असताना आपण वर्णानुक्रमाच्या याद्या वाटत बसतो, याची मला खरोखर खंत वाटते.

वेळ संपली आहे. दाराशी ठेवलेल्या कागदांवर यातल्या तीन कविता छापल्या आहेत, कृपया घेऊन जा. टेलरच्या पहिल्या कडव्यात ‘माय कॉन्व्हर्सेशन’ला त्याने सूत उलगडून घेणारी फाळकी केले आहे. त्या काळी या शब्दात बोलण्याबरोबर माणसाचे सारे वागणेही येत असे. उद्याच्या तासाला ती ओळ फळ्यावर लिहा, अर्थ सांगू नका, आणि फाळकीला तुमच्या गावात काय म्हणतात ते आधी मुलांना विचारा.