केरातलं सोनं

(दृश्य : इंदूरचा सराफा, रात्रीचे आठ. शटर अर्धं खाली आलेलं एक दुकान.)

दिवसभर इथे सोनं विकलं जातं. आता थोड्या वेळात याच ओट्यावर कढई चढेल. गराडू तळले जातील, भुट्ट्याचा कीस परतला जाईल. ओटा तोच, माल दुसरा. आम्हा इंदूरकरांना याचं नवल वाटत नाही. लहानपणी रामबागेतून आजोबांचं बोट धरून मी इथे यायचे, तेव्हा माझं सगळं लक्ष जिलबीच्या कढईकडे असायचं.

आज कॅमेरा शटरच्या आत आहे. काकांकडे बघा. ट्रे मोजून तिजोरीत गेले, कुलूप लागलं, तरी ते घरी निघालेले नाहीत. पाटाखालची चादर ते हलक्या हाताने झटकतायत. कानशीजवळचा केर ब्रशने ओढून डब्यात भरतायत.

"काका, एवढ्याशा केरात काय असणार?"

"अगं, कानस चालली की कीस उडणारच. वर्षाचा केर धुवायला दिला की त्यातून सोनं निघतं. रस्त्यावर झाडून टाकला, तर ते दुसरा कुणीतरी काढील."

सोनाराची केरराख धुऊन सोनं वेगळं काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. इथल्या बाजारात हिंदीत न्यारिया. मी सॉफ्टवेअर लिहिते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ऑफिसात बसल्याबसल्या मला हा शब्द आठवला आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

(दृश्य : काउंटर, जुना संगणक, समोर सोनेतारणाचा फॉर्म.)

सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही डेस्कटॉप ॲप केलं होतं. दिसायला साधी खिडकी. वर नाव, खाली खातं, दागिन्यांची यादी. पण त्या खिडकीच्या आत आहे अख्खा ब्राउझर. इलेक्ट्रॉन ही ती पद्धत. गिटहब या कंपनीने २०१३ मध्ये ॲटम या कोड लिहिण्याच्या एडिटरसाठी ती सुरू केली, २०१५ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलचं डेस्कटॉप ॲप, सगळी याच मुशीतली. आत क्रोमियम हा ब्राउझर पान दाखवतो, मागे नोड नावाचा प्रोग्राम फाइली आणि जाळ्याची कामं बघतो. वेब पानं लिहिता येणाऱ्या कुणालाही डेस्कटॉप ॲप करता येतं, म्हणून आम्हीही तेच घेतलं.

एक दिवस काउंटरवरचं ॲप अडकलं. तिथल्या मुलाने टास्क मॅनेजर उघडला, आमच्या ॲपवर उजवं क्लिक केलं आणि डम्प फाइल बनवली. म्हणजे त्या क्षणी ॲपच्या मेमरीत जे जे होतं, त्याची जशीच्या तशी नक्कल. ती पेन ड्राइव्हवर घालून त्याने माणसाच्या हाती आमच्याकडे पाठवली. राजवाड्याच्या गर्दीतून ती पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात आली.

मी ॲप का अडकलं ते शोधत होते. मला सापडला बारा आकड्यांचा आधार क्रमांक. मग दुसरा. मग त्या दिवशी काउंटरवर येऊन गेलेल्या लोकांचे एकामागून एक.

पडद्यावर तर शेवटचे चारच आकडे दिसायचे! पहिल्या आठांवर फुल्या. त्या फुल्यांचा कोड माझा होता. सर्व्हरकडून पूर्ण क्रमांक यायचा आणि पान तो दाखवताना झाकायचं. मी झाकलं होतं माणसाच्या नजरेपासून. मेमरीत क्रमांक उघडाच होता. ज्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवताना विश्वासाने आपला आधार दिला, त्यांचे क्रमांक माझ्या हाताने त्या पेन ड्राइव्हवर गेले, हे मला आजही सलतं.

(दृश्य : पडद्यावर आकड्यांच्या रांगा. एका जोडीभोवती वर्तुळ.)

इथे जरा थांबून जवळून बघा. १५ ०९ ३० ०९. हे 'कर' आहे. आपल्या आडनावांच्या शेवटी येतो तो. 'क'ला दोन बाइट, म्हणजे मेमरीतले दोन कप्पे, 'र'ला दोन बाइट. इंग्रजी अक्षरं आणि आकडे ब्राउझर एकेका बाइटात ठेवतो, देवनागरी आली की त्या सबंध नावाला अक्षरामागे दोन. त्यामुळे साधा शोध घेणाऱ्याला मराठी नावं दिसत नाहीत. आधी मीही त्यांच्यावरून पुढे गेले होते. दिसली ती नंतर.

मग हे पुसलं का जात नाही? वेब पानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत मजकूर एकदा तयार झाला की बदलता येत नाही. त्यावर शून्यं लिहायची सोयच नाही. रकाना रिकामा केला तरी नवा रिकामा मजकूर तयार होतो, जुना होता तिथेच पडून राहतो. नको झालेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर येतो, पण तो जागा मोकळी झाल्याची नोंद करतो, जागा धूत नाही. ओटा दुसऱ्याला दिला, झाडला मात्र नाही. उलट, अजून वापरात असलेल्या नव्या वस्तू तो मेमरीच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात हलवतो आणि पहिल्या अर्ध्यात त्यांचा ठसा राहून जातो. शिवाय पानातल्या रकान्याची आपली एक प्रत, पान आणि मागची प्रक्रिया, म्हणजे ॲपचा मागे वेगळा चालणारा भाग, यांच्यात निरोप गेला की आणखी प्रती.

हा दोष एकट्या वेबचा नाही. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामात काय सापडलं ते पाहा. मास्टर पासवर्ड टाइप करताना रकाना प्रत्येक अक्षरागणिक एक तुकडा मागे सोडत होता. एक ठिपका आणि दुसरं अक्षर. दोन ठिपके आणि तिसरं अक्षर. मेमरीची नक्कल हाती आली की पहिलं अक्षर सोडून सगळा पासवर्ड जुळवता यायचा. २.५४ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. ज्यांचा धंदाच गुपितं सांभाळण्याचा, त्यांच्याकडूनही एका रकान्यामुळे असं होऊ शकतं.

काही जण म्हणतात, संगणकावर परका माणूस बसलाच असेल तर बोलणंच खुंटलं. क्रोमियमचं जाहीर धोरण साधारण हेच आहे : तुमच्या खात्याने तुमच्या यंत्रावर जो आला, त्याला ब्राउझर अडवू शकत नाही. ते चूक नाही. पण आमच्या गोष्टीत परका कुणी नव्हताच. होता मदत करणारा भला मुलगा आणि एक पेन ड्राइव्ह. मेमरी कमी पडली की विंडोज तिचा काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं. हायबरनेट केलं की मेमरी डिस्कवर उतरते. क्रॅश रिपोर्टमध्ये तिचे तुकडे जातात. डिस्कला कुलूप नसेल तर ती जुन्या संगणकासोबत विकली जाते. झारेकऱ्याला दुकानात शिरावं लागत नाही, केर बाहेर पडला की पुरे.

(दृश्य : रात्रीचं ऑफिस. फळ्यावर बाण आणि चौकोन.)

पहिला बदल एका दिवसात झाला. सर्व्हरने शेवटचे चारच आकडे पाठवायचे. पानाला बाकीचे आठ ठाऊकच नाहीत. डेबिट-क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हाच मार्ग घेतला, १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराकडे कार्ड क्रमांकाऐवजी टोकन, म्हणजे बदली क्रमांक. आम्हीही पानाला एक खूणक्रमांक दिला.

खरी कसोटी नवं खातं उघडताना. तिथे क्रमांक टाइप करावाच लागतो, आणि वेब पानात टाइप केलं की तो पानाचा झाला. म्हणून तेवढ्या एका रकान्यासाठी आम्ही वेगळी खिडकी केली, वेगळ्या छोट्या प्रोग्रामची, सी++ या भाषेत. एक अंक दाबला की तो बारा बाइटच्या ठरलेल्या जागेत जातो, पडद्यावर ठिपका उमटतो. मजकूर म्हणून तो कुठे जोडलाच जात नाही, कीपासचा धडा डोळ्यांसमोर होता. ती जागा डिस्कवर जाऊ नये म्हणून मेमरीत बांधून ठेवली. क्रमांक सर्व्हरला पाठवला की त्या बारा बाइटांवर शून्यं. त्यातही एक मेख आहे : पुढे न वाचल्या जाणाऱ्या जागेवर शून्यं लिहिणं कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, वायफळ वाटतं आणि तो ती ओळच गाळून टाकू शकतो. म्हणून विंडोजची खास पुसण्याची सोय वापरावी लागते, जी गाळली जात नाही.

लॉगिनही खिडकीतून काढून बाहेरच्या खऱ्या ब्राउझरात नेलं. ऑक्टोबर २०१७च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजाने हे स्पष्ट सांगितलंय, की ॲपमध्ये बसवलेल्या ब्राउझरात लॉगिन घेऊ नये, कारण यजमान ॲपला प्रत्येक कळ दिसते. आम्ही ते वाचलं होतं, पाळलं नव्हतं. इलेक्ट्रॉनची सेफस्टोरेज सोयही आम्ही वापरत होतो आणि तिच्या भरवशावर निर्धास्त होतो. ती डिस्कवर ठेवलेल्या गोष्टीला कुलूप लावते. कुलूप उघडून मजकूर हातात घेतला की पुन्हा तोच जावास्क्रिप्टचा मजकूर.

(दृश्य : टास्क मॅनेजर. उजवं क्लिक. डम्प.)

मग त्याच मुलाच्या पद्धतीने मी स्वतः डम्प काढला. नवीन चाचणी खाती उघडली, कर्जं नोंदवली, आणि ॲपच्या प्रत्येक प्रक्रियेची नक्कल घेतली. फक्त खिडकीची घेऊन भागत नाही, मागच्या प्रक्रियेची आणि त्या छोट्या प्रोग्रामचीही घ्यावी लागते. बारा आकडे सलग सापडले म्हणजे आधारच असतो असं नाही. आधार ० किंवा १ने सुरू होत नाही, आणि बारावा आकडा व्हरहॉफ नावाच्या पडताळणीच्या रीतीने आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ती पडताळणी शोधाच्या कोडमध्ये घातली, म्हणजे वेळेचे आणि हिशेबाचे आकडे बाजूला पडतात. आता प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी हा केर धुतला जातो.

ऑफिसात बसून मी ती पहिली यादी येताना पाहिली. आधार एकही नाही.

१५ ०९ ३० ०९ मात्र ठिकठिकाणी. खातेदाराचं नाव काउंटरवर वाचता यायलाच हवं, ते पानात येणारच, आणि पानात आलं की मेमरीत राहणार. निदान खिडकी बंद झाली की आम्ही त्या पानाची प्रक्रियाच संपवतो, म्हणजे त्यानंतर काढलेल्या डम्पमध्ये ती मेमरी नसते.

सहीचा फोटो अजून पूर्ण आकारात पानात येतो. सध्या त्यावर काम चालू आहे.

(दृश्य : सराफा. काका केराचा डबा तिजोरीशेजारच्या कपाटात ठेवतात, शटर खाली ओढतात. ओट्यावर कुणीतरी कढई मांडतं.)