वेल्डिंगचा धूर मेंदूत कसा पोचतो?

मंडळी, फॅब्रिकेशनच्या दुकानासमोरून जाताना वेल्डिंगचा धूर नाकात जातो ना, त्यात लोखंडाबरोबर मँगनीजपण असतं, आणि आज आपण त्याचाच पाठलाग करणार आहोत, थेट मेंदूपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, मेंदूला तर संरक्षण असतं. असतं की! तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं काहीही उगाच आत झिरपत नाही, ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात ते हेच. पण मेंदूला लोह लागतं, तांबं लागतं, झिंक लागतं, मँगनीजसुद्धा चिमूटभर लागतंच, म्हणजे दारं ठेवणं आलंच. लोह रक्तात ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनवर बसून फिरतं, दोन सीटची स्कूटर समजा, आणि ही स्कूटर केशवाहिनीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे तिला ओळखणाऱ्या खास प्रोटीनला, टेकली की पेशी तिला आत ओढून घेते. गोची अशी की त्याच स्कूटरवर मँगनीजपण बसतं.

अशी घुसखोरी दुसरे धातूही करतात. पारा तर पक्का बहुरूपी. माशांतून येणारा मिथाइल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो, ती जोडी मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते आणि मिथिओनिनच्याच दारातून आत जाते. शिसं कॅल्शियमची जागा बळकावतं.

मँगनीजला अजून एक वाट आहे, नाक. वासाच्या नसेतून ते बॅरियरला वळसा घालून आत सरकतं, उंदरांमध्ये हे नीट दिसलंय. आत गेलं की हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या भागात साठतं, एमआरआयमध्ये तो भाग कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देताच चमकतो, आणि माणसाची चाल बिघडते. ग्लासगोचे डॉक्टर जॉन कूपर यांनी 1837 मध्येच मँगनीज दळणाऱ्या कामगारांचं असं वर्णन केलं होतं, पाय लुळे, चालताना पुढे तोल!

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अंगात लोह कमी असलं की आतडं जास्त लोह ओढायला दारं वाढवतं, आणि त्याच दारांतून मँगनीज, शिसंही जास्त घुसतं. आपल्या महाराष्ट्रात 2019-21 च्या सरकारी पाहणीत पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं ॲनिमिक निघाली, सगळी लोहाच्या कमतरतेमुळे नाही, पण बरीचशी. म्हणून मुलाच्या रक्तात शिसं सापडलं की डॉक्टर लोहाचीपण टेस्ट करायला सांगतात, ती टाळू नका.